वगळलेली तबकडी

गेल्या दिवाळीत माझा भाचा आपल्या एका मित्रासह चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. पाडव्याच्या सकाळी फराळाच्या वेळी दोघांत जो वाद सुरू झाला, तो रात्रीच्या जेवणापर्यंत मिटला नाही. वादाचा विषय राजकारण नव्हता, क्रिकेटही नव्हते. १९७६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'द क्लॅश' या पंक वाद्यवृंदाचा सर्वोत्तम अल्बम कोणता आणि सर्वांत निकृष्ट कोणता, हा तो विषय. भाच्याचे मत 'लंडन कॉलिंग'च्या बाजूने. मित्राचा हट्ट असा, की १९७७ च्या पहिल्या अल्बमनंतर त्यांनी जे केले ती सगळी उतरणच. निकृष्ट अल्बमविषयी मात्र दोघांचे एकमत होते. १९८५ सालचा 'कट द क्रॅप'. 'फालतू बडबड पुरे' असा या नावाचा त्यातल्या त्यात सभ्य अर्थ करता येईल.

वादात पुरावा म्हणून भाच्याने आपली एक मोठी पेटी उघडून दाखविली. जुन्या टेपरेकॉर्डरच्या आकाराची, 'साउंड सिस्टिम' नावाची ही पेटी २०१३ साली प्रसिद्ध झाली. वाद्यवृंदाचे सर्व अल्बम तिच्यात आहेत, असे तो म्हणाला. मी सवयीने मोजले. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले अल्बम पाचच भरले.

"सहावा कुठे आहे?" मी विचारले.

"तो मोजायचा नसतो, मामा," भाचा हसत म्हणाला.

माझे मात्र हसून भागेना. तीस वर्षांहून अधिक काळ मी राज्य शासनाच्या सेवेत नस्त्या सांभाळल्या. नस्तीच्या प्रत्येक पानाला क्रमांक असतो, आणि टिप्पणी चुकीची असो वा नंतर अडचणीची ठरो, ते पान काढता येत नाही. फार तर पुढच्या पानावर आपले मत नोंदविता येते. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका वरिष्ठांनी प्रतिकूल शेऱ्याचे एक पान 'सैल झाले आहे, बाजूला ठेवा' असे मला सुचविले होते. मी ते बाजूला ठेवले नाही. शौर्य म्हणून नव्हे. पृष्ठांकन बिघडेल या भीतीने. पण त्या दिवसापासून कोणत्याही संग्रहात एक पान कमी दिसले की माझे लक्ष उरलेल्या पानांपेक्षा त्या गहाळ पानाकडे अधिक जाते. या सहाव्या तबकडीचा शोध मी तसाच सुरू केला. तो करताना लक्षात आले, की रसिकांचा हा वाद वरवर गाण्यांचा असला तरी मुळात एका शब्दाचा, म्हणजे दिलेल्या वचनाचा आहे. त्याचा इतिहास आपल्या वाचकांसही रोचक वाटेल अशी आशा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९७६ चे ब्रिटन हे साम्राज्य गेलेले आणि तिजोरी रिकामी झालेले राष्ट्र होते. त्याच वर्षी त्या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावा लागला. बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. दुसरीकडे रॉक संगीत श्रीमंत आणि अवघड झाले होते. वीस-वीस मिनिटांच्या रचना, महागडी वाद्ये, आणि श्रोत्यांपासून दूर वाड्यांत राहणारे कलाकार. या दोन्हींविरुद्ध जी तरुणांची उसळी उठली, तिला 'पंक' म्हणतात. तीन स्वरमेळ येत असतील तर गिटार उचला आणि जे म्हणायचे ते दोन मिनिटांत म्हणा, असा त्यांचा बाणा होता.

'क्लॅश' म्हणजे टक्कर, संघर्ष. लंडनच्या सायंदैनिकाच्या मथळ्यांत हा शब्द पुनःपुन्हा वाचून पॉल सिमोनन या सदस्याने तो सुचविला. सिमोननचे बालपण कॅरिबियन वस्तीच्या शेजारात गेले, म्हणून जमैकाचे 'रेगे' संगीत त्याच्या कानात होते. मात्र बास गिटार त्याला मुळीच वाजविता येत नव्हती. ती शिकविली मिक जोन्सने. हा जोन्स उंच सरकारी इमारतीत आजीजवळ वाढलेला, सुरेल आणि चोखंदळ. तबलजीने ठेका धरावा तसा ड्रम्सवरील ताल पुढे टॉपर हेडन याने सांभाळला. आणि मुख्य गायक व गीतकार जो स्ट्रमर.

या स्ट्रमरविषयी आपणांस विशेष कुतूहल वाटावे असा एक तपशील आहे. त्याचे खरे नाव जॉन ग्रॅहॅम मेलर. त्याचा जन्म १९५२ साली तुर्कस्तानातील अंकारा येथे झाला, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र सेवेत होते. आणि त्या वडिलांचा जन्म आपल्या लखनौचा. अंकारा, कैरो, मेक्सिको, बॉन अशा बदल्यांमागे घर फिरले आणि मुलगा निवासी शाळेत वाढला. रस्त्यावरच्या बेकार पोरांचा आवाज म्हणून जो गाजला, तो असा एका सरकारी नोकराचा मुलगा होता. पुढे विरोधकांनी ही गोष्ट त्याच्या तोंडावर अनेकदा फेकली. सच्चेपणाचा प्रश्न त्याच्या पाठीशी अगदी आरंभापासून लागला होता तो असा.

जानेवारी १९७७ मध्ये या वाद्यवृंदाने सी.बी.एस. या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला. मोठ्या भांडवलाविरुद्ध गाणारे मोठ्या भांडवलाच्या दारी गेले. 'स्निफिन ग्लू' या हाताने काढलेल्या पंक पत्रिकेचा संपादक मार्क पेरी याने त्याच दिवशी पंक मेल्याचे जाहीर केले. म्हणजे पहिला अल्बम बाजारात येण्यापूर्वीच वचनभंगाचा आरोप दाखल झालेला होता. यानंतर निघालेला प्रत्येक अल्बम त्या आरोपाच्या सुनावणीसारखा ऐकला गेला.

पहिला अल्बम, नाव 'द क्लॅश' हेच, एप्रिल १९७७ मध्ये आला. सुमारे ४ हजार पौंडांत आणि तीन आठवड्यांतल्या मोजक्या दिवसांत तो मुद्रित झाला. चौदा गाणी, पस्तीस मिनिटे. आवाज खरखरीत, शब्द अर्धे चावलेले. कंपनीच्या अमेरिकी शाखेला तो इतका ओबडधोबड वाटला, की तिने तो प्रसिद्ध करण्याचेच नाकारले. तरीही आयात होऊन त्याच्या १ लाखाहून अधिक प्रती अमेरिकेत खपल्या. अखेर १९७९ मध्ये तेथे आवृत्ती निघाली ती चार गाणी गाळून आणि पुढची पाच घालून. त्यामुळे 'पहिला अल्बम सर्वोत्तम' असे म्हणणाऱ्यांत आणखी एक पोटवाद चालतो : कोणता पहिला, इंग्लंडचा की अमेरिकेचा?

भाच्याचा मित्र ज्या पक्षाचा, त्या पक्षाचे म्हणणे असे, की हीच मूळ संहिता. पुढचे सारे भाष्य, आणि तेही बहुधा बिघडलेले. या पक्षाची बाजू दुबळी नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिलच्या उत्सवात कृष्णवर्णीय तरुण व पोलीस यांच्यात झालेल्या दंगलीत स्ट्रमर व सिमोनन सापडले होते. तो अनुभव या अल्बममध्ये कच्चा, ताजा उतरला आहे. मात्र या शुद्ध संहितेतच सर्वांत लांब, सहा मिनिटांचे गाणे 'पोलीस अँड थीव्हज' हे आहे, आणि ते जमैकाच्या ज्युनियर मर्व्हिनचे रेगे गाणे आहे. ज्याला शुद्ध पंक म्हणावयाचे त्याच्या मध्यभागीच परक्या बेटाचा सूर बसलेला होता. शुद्धतेचे पक्षपाती हे गाणे आवडीने ऐकतात, पण त्याचा अर्थ लावीत नाहीत.

दुसरा अल्बम 'गिव्ह 'एम इनफ रोप', नोव्हेंबर १९७८. याचा निर्माता अमेरिकी सँडी पर्लमन. ड्रम व गिटार इतके चकचकीत, की स्ट्रमरचा आवाज त्यांच्याखाली दबला, ही रसिकांची तेव्हाची तक्रार आजही कायम आहे. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. पण वादात त्याचा कैवार घेणारे थोडे. सर्वोत्तमही नाही, निकृष्टही नाही, अशा मधल्या मुलासारखी त्याची गत झाली.

डिसेंबर १९७९ मध्ये आलेला 'लंडन कॉलिंग' मात्र वेगळा. १९७९ च्या उन्हाळ्यात या चौघांजवळ व्यवस्थापक नव्हता, पैसा नव्हता आणि नवी गाणीही नव्हती. लंडनच्या पिमलिको भागातील एका गॅरेजच्या मागच्या खोलीत ते रोज जमत, दुपारी फुटबॉल खेळत आणि जे आवडेल ते वाजवीत. अमेरिकी रॉकअँडरोल, रेगे, स्का, जॅझ, जुन्या न्यू ऑर्लिअन्सचा बाज. त्यातून एकोणीस गाणी उभी राहिली. निर्माता गाय स्टीव्हन्स हा मद्यासक्त, विक्षिप्त गृहस्थ. मुद्रण चालू असताना तो खुर्च्या फेकी, शिडी आदळी, एकदा तर त्याने पियानोत मद्य ओतले. पण कलाकारांकडून जीव ओतून वाजवून घेण्याची विद्या त्याच्याजवळ होती. १९८१ मध्ये तो वारला.

या अल्बममध्ये स्पॅनिश यादवी युद्धावर गाणे आहे, बाजारपेठेत हरवलेल्या माणसावर गाणे आहे, ब्रिक्स्टनच्या वस्तीवर सिमोननने स्वतः लिहून गायिलेले गाणे आहे. शीर्षकगीताचे शब्द युद्धकाळातील बी.बी.सी.च्या उद्घोषणेवरून घेतलेले. 'ट्रेन इन व्हेन' हे शेवटचे गाणे इतक्या उशिरा समाविष्ट झाले, की तोवर वेष्टने छापून झाली होती. त्यामुळे यादीत त्याचे नावच नाही. गंमत अशी, की हेच यादीबाहेरचे गाणे अमेरिकेत गाजले. वेष्टनावरील पेनी स्मिथचे छायाचित्र न्यूयॉर्कच्या प्रयोगात सिमोनन आपली बास गिटार रंगमंचावर आपटतो त्या क्षणाचे आहे. ते अस्पष्ट आल्यामुळे वापरू नये, असे खुद्द छायाचित्रकर्तीचेच मत होते. ती मोडकी गिटार पुढे लंडनच्या वस्तुसंग्रहालयात मांडण्यात आली.

वचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट किमतीची. दोन तबकड्यांचा हा अल्बम त्यांनी एका तबकडीच्या दराने, ५ पौंडांत विकावयास लावला. कंपनीने एक छोटी तबकडी मोफत देण्यास मान्यता दिली होती. या मंडळींनी ती वाढवीत वाढवीत पूर्ण लांबीची दुसरी तबकडीच केली. रसिकांच्या खिशाची ही काळजी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. म्हणजे १९७७ च्या पक्षाने ज्याला 'उतरण' म्हटले, त्याच काळात करारातील पळवाट शोधून दिलेला शब्द पाळण्याची खटपट चालली होती. १९८९ मध्ये अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने ऐंशीच्या दशकातील सर्वोत्तम अल्बम म्हणून याची निवड केली. अमेरिकेत तो जानेवारी १९८० मध्ये प्रसिद्ध झाला असल्याने दशकाचा हिशेब असा जुळला. त्याच नियतकालिकाच्या सर्वकालीन ५०० अल्बमच्या यादीत तो २००३ मध्ये आठवा होता, २०२० मध्ये सोळावा.

यानंतर वादातील सर्वांत रंगतदार प्रकरण येते : डिसेंबर १९८० चा 'सँडिनिस्टा!'. तीन तबकड्या, सहा बाजू, प्रत्येकीवर सहा अशी छत्तीस गाणी. नाव निकाराग्वामध्ये १९७९ साली सोमोझा राजवट उलथविणाऱ्या क्रांतिकारकांचे. किंमत ५ पौंड ९९ पेन्स. ही किंमत राखण्यासाठी इंग्लंडमधील पहिल्या २ लाख प्रतींवरील आपल्या मानधनावर त्यांनी पाणी सोडले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर वचन पाळण्यासाठी घरची भांडी विकली.

आणि संगीत? न्यूयॉर्कच्या रस्त्यावर नुकतेच जन्मलेले तालबद्ध बोलगाणे, जमैकाचा 'डब', गॉस्पेल, वॉल्ट्झ, लहान मुलांनी म्हटलेली जुनी गाणी, आणि सहाव्या बाजूवर प्रतिध्वनींचे खेळ. 'वॉशिंग्टन बुलेट्स' या गाण्यात अमेरिकेच्या लॅटिन अमेरिकेतील हस्तक्षेपाचा पाढा आहे. पण त्याच गाण्यात अफगाणिस्तानातील रशिया आणि तिबेटातील चीन यांनाही सोडलेले नाही. हा न्यायीपणा त्या काळच्या डाव्या कलावंतांत विरळा होता. या अल्बमविषयी रसिकांचे दोन तट कायमचे पडले. एक म्हणतो, यात एका उत्कृष्ट तबकडीपुरती गाणी आहेत आणि बाकीचा भरणा आहे. दुसरा म्हणतो, मग ती बारा गाणी निवडून दाखवा. हा खेळ चार दशके चालला आहे आणि कोणत्याही दोघांची यादी जुळत नाही. आमच्याकडेही दोघांनी कागदावर बारा-बारा नावे लिहिली. सामाईक निघाली पाच. ज्याला भरणा म्हणावे त्यावर एकमत होत नसेल तर तो भरणा तरी कसा, असा प्रश्न मी विचारला, तेव्हा दोघेही माझ्यावर रागावले.

वचनाचा आणखी एक प्रसंग येथेच सांगतो. १९८१ च्या मे-जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या 'बाँड्स' नामक सभागृहात त्यांचे आठ प्रयोग ठरले होते. आयोजकांनी क्षमतेहून जास्त तिकिटे विकली. अग्निशमन अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. तेव्हा तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला गाणे ऐकावयास मिळावे म्हणून त्यांनी आठाऐवजी सतरा प्रयोग केले.

मे १९८२ चा 'कॉम्बॅट रॉक' हा सर्वांत खपलेला अल्बम, आणि म्हणूनच काहींच्या मते संशयास्पद. यातील दोन-तीन गोष्टी आपल्या जवळच्या आहेत. व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स याने, तुमची गाणी रागासारखी लांबत चालली आहेत, अशी कुरकुर केली. आपल्या रागसंगीताचा हा उल्लेख स्ट्रमरने उचलला आणि त्यातून 'रॉक द कॅसबा' या गाण्याची सुरुवात सुचली. संगीतावर बंदी घालणारा राजा आणि ती न जुमानणारी प्रजा, असा त्याचा विषय, चाल हेडनची. १९६२-६३ मध्ये काशी-कलकत्त्यात राहून गेलेले अमेरिकी कवी ॲलन गिन्सबर्ग यांचा आवाज याच अल्बममधील एका गाण्यात आहे. आणि 'स्ट्रेट टू हेल' हे गाणे तर आपल्यापैकी अनेकांनी नकळत ऐकले आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी मागे टाकलेल्या मुलांविषयीच्या या गाण्याचे आरंभीचे सूर श्रीलंकी तमिळ कुळातील गायिका एम.आय.ए. हिने २००७ मध्ये आपल्या 'पेपर प्लेन्स'मध्ये घेतले, आणि ते गाणे २००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर' या मुंबईवरील चित्रपटात वाजले. लंडनचा सूर व्हिएतनामच्या दुःखातून फिरत मुंबईच्या झोपडपट्टीतील दोन पोरांच्या रेल्वेप्रवासावर येऊन थांबला.

पण याच यशात घर फुटले. जोन्सला हा अल्बम लांब, दुहेरी हवा होता. बाकीच्यांनी तो निर्माता ग्लिन जॉन्स याच्याकडून कापून एकेरी करून घेतला. हेरॉइनच्या व्यसनामुळे हेडनला अल्बम प्रसिद्ध होण्याच्या सुमारास काढण्यात आले. सप्टेंबर १९८३ मध्ये खुद्द मिक जोन्सची हकालपट्टी झाली. कारण असे देण्यात आले, की तो मूळ ध्येयापासून ढळला आहे. पुढे काढणाऱ्यांपैकी स्ट्रमरने ती आपली मोठी चूक होती, असे अनेकदा कबूल केले.

आता ते गहाळ पान. जोन्स गेल्यावर स्ट्रमर, सिमोनन आणि ऱ्होड्स यांनी दोन नवे तरुण घेतले आणि घोषणा केली, की आता पुन्हा मूळ पंककडे. परके सूर नकोत, खर्चिक थाट नको. १९८४ च्या डिसेंबरात संपावरील खाणकामगारांसाठी त्यांनी ब्रिक्स्टनमध्ये मदतीचे प्रयोग केले. १९८५ च्या मे महिन्यात केवळ साध्या गिटारी घेऊन ते उत्तर इंग्लंडच्या रस्त्यांवर, पुलांखाली, दारूगुत्त्यांबाहेर गात हिंडले, आणि टोपीत पडेल त्यावर जेवले. ज्यांनी ते ऐकले ते अजून त्याविषयी सद्गदित होऊन बोलतात.

नोव्हेंबर १९८५ मध्ये अल्बम आला तो मात्र असा नव्हता. निर्माता म्हणून 'होजे युनिडोस' हे नाव छापले आहे. ते ऱ्होड्सचे टोपणनाव. गीतांवर स्ट्रमरच्या जोडीला व्यवस्थापक ऱ्होड्सचे नाव. वाद्यवृंदात ड्रम्स वाजविणारा तरुण असताना ताल यंत्राचा घेतला. गाण्यांवर फुटबॉलच्या प्रेक्षकांसारखा समूहाचा आरडाओरडा चढविला. त्या काळात स्ट्रमरच्या वडिलांचे निधन झाले होते, आई असाध्य आजारी होती, आणि अंतिम संस्करण त्याच्या हाताबाहेर गेले होते. मध्यंतरी तो जोन्सची समजूत काढण्यासाठी बहामा बेटांपर्यंत गेला. पण जोन्स आपल्या नव्या वाद्यवृंदात रमला होता. परीक्षणे निर्दय आली. त्या उन्हाळ्यात अथेन्स येथे झालेला प्रयोग शेवटचा ठरला, आणि 'द क्लॅश' संपला.

येथे मला या सगळ्या वादाचे मर्म सापडले असे वाटते. ज्या अल्बममध्ये ते मूळ शुद्धतेकडे परतण्याची सर्वांत मोठ्याने घोषणा करतात, तोच सर्वानुमते सर्वांत वाईट आहे. ज्यात त्यांनी सगळ्या दारांनी परके सूर आत घेतले, तो बहुमताने सर्वोत्तम आहे. ध्येयापासून ढळला म्हणून ज्याला काढले, त्याच्याच जाण्याने ध्येयाचे गाणे बेसूर झाले. १९७७ ची ती ठिणगी नियम पाळून उडालेली नव्हती. ती दंगल, बेकारी, रेगे आणि चार वेगळ्या स्वभावांच्या माणसांचा एकमेकांवरील विश्वास यांतून उडाली होती. यांपैकी शेवटची गोष्ट १९८५ मध्ये उरली नव्हती. नियम तेवढे शिल्लक होते.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न अगदीच परका नाही. आपल्या मराठीत मिसळलेली हिंदी ऐकून पुण्याकडचे पाहुणे हसतात, आणि आपण मुलांना दटावून 'शुद्ध' बोलावयास लावतो. मग मुले घरात बोलेनाशीच होतात. यावर अधिक लिहिण्याचे हे स्थळ नव्हे.

राहता राहिला वगळण्याचा प्रश्न. १९९१ मध्ये 'क्लॅश ऑन ब्रॉडवे' हा तीन तबकड्यांचा संग्रह निघाला. त्यात 'कट द क्रॅप'मधील एकही गाणे नाही. २००० सालचा डॉन लेट्स यांचा माहितीपट जोन्सच्या हकालपट्टीशी संपतो. २०१३ ची पेटी तर भाच्याने दाखविलीच. ज्यांनी ही संपादने केली त्यांचे दुःख मी समजू शकतो. मिक जोन्सने आपल्याला काढून केलेला अल्बम मानाने का मिरवावा? आणि सिमोननला तरी त्या दिवसांची आठवण का हवी? तरीही, कलाकाराला आपली कृती नापसंत करण्याचा अधिकार असला तरी ती घडलीच नाही असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. बालगंधर्वांच्या उत्तरकाळातील गाण्याविषयी आपल्याकडे रसिकांत कितीही मतभेद असोत. तो काळ चरित्रातून फाडून टाकावा असे कोणी म्हटले नाही.

हे पान मालकांनी काढले असले तरी रसिकांनी ते हरवू दिले नाही, ही समाधानाची बाब. 'निकृष्ट अल्बम कोणता' असा वाद प्रत्येक पिढीत होतो, म्हणून प्रत्येक पिढीतील कोणीतरी तो शोधून ऐकतो. आणि ऐकले की 'धिस इज इंग्लंड' हे गाणे सापडते. खाणकामगारांचा संप मोडल्यानंतरच्या, थंड आणि हताश ब्रिटनचे हे चित्र आहे. यंत्राचा ताल आहे, समूहाचा गलका आहे, पण मध्ये स्ट्रमरचा थकलेला, खरा आवाज आहे. हे आपले शेवटचे मोठे गाणे, असे तो स्वतःही मानीत असे. रसिकांच्या या आग्रहामुळेच असेल, २००३ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहात या एका गाण्याला जागा मिळाली.

तो संग्रह पाहावयास स्ट्रमर नव्हता. १५ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या ॲक्टन नगरभवनात संपावरील अग्निशमन कामगारांच्या मदतीसाठी तो आपल्या नव्या वाद्यवृंदासह गात होता. श्रोत्यांत मिक जोन्स होता. काही न ठरविता तो उठला, रंगमंचावर चढला, आणि एकोणीस वर्षांनंतर दोघांनी एकत्र जुनी गाणी वाजविली. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबर रोजी, जन्मजात आणि कधीच लक्षात न आलेल्या हृदयविकाराने स्ट्रमरचे निधन झाले. वय अवघे पन्नास.

भाच्याने महिन्याभराने 'कट द क्रॅप'ची एक जुनी तबकडी कोठूनशी मिळवून मला ऐकविली. मी ती दोन्ही बाजूंनी, एका बैठकीत ऐकली. अल्बम वाईटच आहे. निदान याविषयी माझे दोघांशी एकमत झाले. पण जाताना त्याने ती पेटीशेजारी, पाच अल्बमच्या रांगेत शेवटी ठेवली. आता सहा भरतात.